खिडकीबाहेर दहा मिनिटे

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर शिक्केकाका सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगले. शेजारी त्यांचे सासरे आप्पा वर्तमानपत्र वाचत होते. घरात अगदी शांत होतं. तेवढ्यात काकांचा उजवा हात आपोआप वर गेला, मूठ वळली, ती आधी सोफ्याच्या उशीवर आपटली आणि मग तितक्याच सफाईने आप्पांच्या टकलावर. ठप-ठप.

आप्पांचा चष्मा वर्तमानपत्रात पडला.

"अगं ए, बाहेर ये! तुझ्या नवऱ्यानं मला मारलं!"

काकू ओले हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. नवरा गाढ झोपलेला होता, चेहरा देवमाणसासारखा.

"मारलं नाही हो आप्पा, शिक्का मारला. परवा दुधाच्या पिशवीवर मारला, पिशवी फुटली."

"असं होय? मग उठल्यावर विचार त्याला, मी आवक की जावक!"

काकांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं. लिफ्ट तपासणी कार्यालयाच्या तळमजल्यावर, आवक-जावक टेबलावर त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. कार्यालयात येणारा आणि तिथून जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जाई. क्रमांक घालायचा, वहीत नोंदवायचा, शिक्का आधी शाईच्या पॅडवर आणि मग कागदावर. ठप-ठप. पूर्वी या टेबलावर तिघं होती. एक निवृत्त झाला, एकीची बदली झाली, उरले काका. कागद मात्र तिघांचेच येत राहिले.

गेलं वर्षभर त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. झोपून उठलं तरी थकवा जात नसे. जेवताना काय जेवलो ते आठवत नसे. रविवारी संध्याकाळी पाच वाजल्यापासूनच त्यांच्या पोटात सोमवार सुरू होई. पण हे कुणाला सांगायचं म्हणजे आधी त्याची नोंद कुठे करायची, हाच त्यांना प्रश्न पडे.

सोमवारी सकाळी काकूंनी त्यांना ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, त्यांच्या मुलीच्या वर्गातली. तिने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काट्याकडे पाहिलं आणि पुन्हा फुगवला.

"काका, हे काय करून ठेवलंय?"

"मी काही नाही केलं. कागद येतात."

"दोन आठवडे देते. आजपासून चौदा दिवसांनी, सोमवारी संध्याकाळी यायचं. तोवर हा काटा खाली आला नाही, तर गोळ्या सुरू. आणि मी तुमच्या साहेबांना पत्र लिहिणार, यांना या टेबलावरून उठवा म्हणून."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. टेबलाने त्यांचा जीव खाल्ला होता हे खरं, पण त्या टेबलाशिवाय आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शिवाय ते पत्र आधी त्यांच्याच टेबलावर येणार होतं.

"गोळी नको. आणि पत्र तर नकोच. काय करू ते सांग."

"मी सांगते, पण लिहून नाही देणार. तुमच्या हातानं लिहून काढा, समोर ठेवा, आणि पाळा."

काका ऑफिसात गेले. दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा कोरा कागद घेऊन त्यांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं आठवून लिहिलं. सव्वीस वर्षांत त्यांनी एकाच तऱ्हेची भाषा लिहिली होती, त्यामुळे स्वतःला उद्देशूनही त्यांना तशीच लिहिता आली.

"१. दर दोन तासांनी दहा मिनिटे खिडकीबाहेर पाहावे. २. लिफ्टचा वापर न करता जिन्याने जावे. ३. जेवणानंतर वीस मिनिटे डोळे मिटून पडावे. ४. दिवसातून किमान एका नवीन कामास नम्रपणे 'नाही' म्हणावे. ५. दिवसातून एकदा मोठ्याने हसावे. कारण असण्याची आवश्यकता नाही. वरील बाबींचे काटेकोर पालन व्हावे."

वाचून त्यांना बरं वाटलं. कागद समोर ठेवायचा म्हणून त्यांनी तो डावीकडच्या ट्रेमध्ये ठेवायला घेतला, पण तिथे जेवणाचा डबा होता. म्हणून उजवीकडच्या ट्रेमध्ये ठेवला. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून कागदांचा गठ्ठा आला, पाठोपाठ दुसऱ्यावरून आला, पावणेपाच वाजले आणि काकांचा हात चालू झाला. ठप-ठप, ठप-ठप. हात चालू असताना काका स्वतः तिथे नसत, हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

उजवा ट्रे जावकचा. आणि ज्या कागदावर कुठे पाठवायचं ते लिहिलेलं नसेल, तो प्रती काढून सर्व विभागांना पाठवायचा, असा तिथे नियम होता. नियम बारा वर्षांपूर्वी काकांनीच घातला होता.

मंगळवारी सकाळी ते आले तेव्हा दारातच लिफ्टवाला स्टुलावर तोंड फुगवून बसला होता.

"शिक्केकाका, तक्रार लिहून घ्या."

"कुणाबद्दल?"

"माणसांबद्दल. एकवीस वर्षं लिफ्ट चालवतोय. आज सकाळपासून एक माणूस आत येईल तर शपथ. साहेबसुद्धा जिन्यानं गेले. दुसऱ्या मजल्यावर बसले, तिसऱ्यावर बसले, आता चौथ्यावर आहेत की मधेच कुठे आहेत, देव जाणे."

"पण का?"

"मला काय विचारता? परिपत्रक तुम्हीच पाठवलंत की. चार हजार चारशे सतरा!"

काकांनी वही उघडली. ४४१७. अक्षर त्यांचंच. 'विषय' या रकान्यात त्यांनी 'काटेकोर पालन' असं लिहिलं होतं. पाठवणाऱ्याचा रकाना कोरा होता. सरकारी शिक्का खासगी कागदावर! सव्वीस वर्षांत त्यांनी शिक्क्याची शाई स्वतःच्या बोटालाही लागू दिली नव्हती. हे उघडकीला आलं तर डॉक्टरच्या पत्राची गरजच उरणार नव्हती.

'आपण होऊन कबूल करावं,' असं ठरवून ते जिना चढू लागले. प्रत्येक मजल्यावर एकच दृश्य. फायलींची कपाटं लावून लावून कार्यालयाच्या बहुतेक खिडक्या कधीच झाकल्या गेल्या होत्या. उघडणाऱ्या चारच राहिल्या होत्या. त्या चार खिडक्यांपुढे तीस-पस्तीस माणसांच्या रांगा लागल्या होत्या.

"अहो पुढचे, झाली तुमची दहा मिनिटं!"

"थांबा हो. मांजर कठड्यावरून उडी मारणारे."

"तुमची मांजर तुमच्या वेळेत उडवा!"

मुख्य निरीक्षक साहेब चौथ्या मजल्यावर पोचले होते. साहेब देहाने भारदस्त होते आणि एरवी लिफ्टमध्ये एकटेच मावत. आता ते खुर्चीत फतकल मारून वहीने वारा घेत होते.

"साहेब, थोडं बोलायचं होतं. त्या परिपत्रकाबद्दल—"

"खाली सही नाही, म्हणजे वरून आलंय, शिक्केकाका," साहेब धापा टाकत म्हणाले. "वरच्यांच्या मनात काय असतं ते आपण विचारायचं नसतं."

"पण ऐका तरी—"

साहेबांचे डोळे एकदम चमकले. "नवीन काम आणलंय का?"

"म्हणजे... तसं म्हटलं तर—"

"मग नाही!" साहेब आनंदाने म्हणाले आणि त्यांनी समोरच्या तक्त्यात खूण केली. "झालं. कलम चार. सकाळपासून कुणाला म्हणावं तेच सुचत नव्हतं. या तुम्ही."

बुधवारी काका पुन्हा गेले. या वेळी त्यांनी दारातूनच एका दमात सांगून टाकलं, "साहेब, ते परिपत्रक मी लिहिलंय. स्वतःसाठी."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बारीक, वाकलेल्या, शाईच्या पॅडसारख्या निळ्या स्वेटरातल्या माणसाकडे पाहिलं. मग ते हसू लागले. टेबल हललं, पेन घरंगळलं, बाहेरून दोघं पाहायला आली.

"बास, बास! शिक्केकाका, तुम्ही म्हणजे अगदी... कलम पाच झालं हो! उद्या पण या बरं का."

आणि मग अहवाल सुरू झाले. वरून आलेल्या प्रत्येक परिपत्रकाचं पालन झालं की नाही, याचा रोज अहवाल द्यायचा असतो. पाच विभाग, पाच कलमं. रोजचे पंचवीस नवे कागद, आणि सगळे काकांच्या टेबलावर. खिडकीच्या अहवालात 'काय पाहिले' असा रकाना होता. 'कावळा – एक.' 'समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले पायमोजे – सात. (आठवा आढळला नाही.)' मांजर कुणाच्या अहवालात दाखवायची यावरून नोंदणी विभाग आणि दुरुस्ती विभाग यांच्यात लेखी भांडण झालं. त्याचे कागद वेगळे.

कलम चारचा तर सगळा भार काकांवर आला. प्रत्येक काम त्यांच्या टेबलावरून सुरू होत असल्यामुळे, ज्याला त्याला दिवसाचं 'नाही' म्हणायला तेच सोयीचे पडत.

"हे जरा तिसऱ्या मजल्यावर नेऊन द्या," असं ते शिपाईबाईंना म्हणाले, तर बाई पदर सावरून म्हणाल्या, "नाही."

"अहो बाई, निदान दुसऱ्यावर?"

"नम्रपणे नाही, काका. रागावू नका. लिहून घ्या माझ्या नावावर."

मग काका स्वतःच कागद घेऊन जिना चढत. काकांनीही 'नाही' म्हणायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण सव्वीस वर्षांत तो शब्द तोंडात वळलाच नव्हता. ते 'ना' म्हणेपर्यंत हाताने 'ठप' केलेलं असे.

गुरुवारी शहरातल्या एका नऊमजली इमारतीच्या सेक्रेटरीचा फोन आला.

"तुमचे निरीक्षक आमची लिफ्ट तपासायला आले आणि नवव्या मजल्यापर्यंत जिन्यानं गेले! काय आहे आमच्या लिफ्टमध्ये? खरं सांगा!"

"काही नाही हो. ठीक आहे लिफ्ट."

"मग जिन्यानं का गेले? आणि वर पोचल्यावर आमच्या सतरंजीवर वीस मिनिटं डोळे मिटून पडले! आमच्याकडे एक म्हातारी रडायला लागली!"

त्या एका दिवसात अशी अकरा पत्रं आली. काकांनी अकराही नोंदवली.

घरी काकू रोज विचारत, "आज खिडकीबाहेर पाहिलंत?"

"पाहिल्याचे अहवाल पाहिले."

"आणि हसलात?"

"लोक हसले."

आप्पा सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला स्कूटरचं हेल्मेट घालून वर्तमानपत्र वाचत. काच वर केलेली असे.

"जावईबापू, तुम्ही अगदी निवांत डुलकी काढा," ते हेल्मेटमधून म्हणत. "माझी पूर्ण तयारी आहे."

पहिल्या शुक्रवारी साहेबांनी आठवड्याचा एकत्रित अहवाल वरच्या कार्यालयात पाठवला. वरच्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण अहवाल आला आहे त्या अर्थी परिपत्रक आपलंच असणार, आणि 'हे कुठलं परिपत्रक?' असं विचारणं म्हणजे आपल्याच खात्यात काय चाललंय ते आपल्याला माहीत नाही असं कबूल करणं. ते कोण करणार? त्यांनी उरलेल्या सगळ्या शाखांना खरमरीत पत्रं पाठवली : तुमचे पालन अहवाल अद्याप का आले नाहीत? शाखा घाबरल्या आणि त्यांनी काकांच्या कार्यालयाकडे परिपत्रकाच्या प्रती मागवल्या. पुढच्या आठवड्यात काकांनी प्रती पाठवल्या, मागणीपत्रं नोंदवली, पोचपावत्या नोंदवल्या. डबा उघडायला त्यांना चार वाजू लागले. कानशिलाजवळ एक शीर होती, ती शिक्क्याच्या तालावर उडू लागली.

आणि चौदा दिवस भरले त्या सोमवारी वरच्या कार्यालयातून मॅडम आल्या. ज्या शाखेने सर्वांत आधी पालन केलं, ती पाहायला. त्याच संध्याकाळी काकांना डॉक्टरकडे जायचं होतं.

मॅडम जिन्याने चारही मजले फिरल्या, चारही खिडक्यांतून पाहून आल्या. मांजर दिसली. मग त्या साहेबांसह तळमजल्यावर उतरल्या आणि मूळ नोंद पाहायला काकांच्या टेबलापाशी आल्या. लिफ्टवाला, शिपाईबाई, उतरू शकले तितके सगळे मागे उभे राहिले. काकांना वाटलं, आता नाही तर कधीच नाही. ते उभे राहिले.

"मॅडम, हे परिपत्रक मी लिहिलं."

मॅडमनी शांतपणे चष्मा काढला.

"काका, 'हे परिपत्रक मी लिहिलं' असं सांगणारे आजवर तिघं मला भेटलेत. त्यांतले एक उपसंचालक आहेत. तुम्ही चौथे. रांगेत उभे राहा."

सगळे हसले. काका खाली बसले. अपराधसुद्धा आपल्या नावावर नोंदवला जात नाही, हे पाहून त्यांना कसंसंच झालं.

मॅडम एकत्रित तक्ता पाहत होत्या. त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"अडतीस कर्मचारी. सदतीस जणांच्या नावापुढे खुणा. ही एक ओळ पूर्ण कोरी कशी? नऊ दिवसांत एकदाही नाही?"

साहेबांनी वाकून पाहिलं. इतरांचे अहवाल नोंदवता नोंदवता काकांना स्वतःचा भरायला वेळ मिळाला नव्हता, आणि भरायला होतं तरी काय? जिने तेवढे चढले होते, ते कागद पोचवायला. बाकी ना खिडकी, ना झोप, ना 'नाही', ना हसू.

"हे... हे आमचे शिक्केकाका," साहेब चाचरत म्हणाले.

"सदतीस जण पाळतात आणि एक माणूस शाखेचं नाव घालवतो? लगेच मेमो द्या. आठ दिवसांत खुलासा मागा, आणि तोवर यांना या टेबलावरून उठवा."

ज्या टेबलासाठी काकांनी एवढं सगळं केलं, ते आता सुटणार होतं. तेही ४४१७चं पालन न केल्याबद्दल. साहेबांनी नाराजीनेच चार ओळी खरडल्या, सही केली आणि कागद त्यांच्यासमोर सरकवला.

"काय करणार, काका. नोंदवा."

काकांनी शिक्का उचलला. पॅडवर टेकवला. ठप. हात कागदावर आला. काकांनी कागदाकडे पाहिलं आणि, बहुधा सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच, शिक्का मारण्याआधी तो वाचला. मग हात हवेतच थांबला.

"नाही," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की साहेबांनी कान पुढे केला. "काय?"

"नाही, साहेब. नम्रपणे. कलम चार."

"अहो पण—"

"माझी दहा शिल्लक आहेत, साहेब. नऊ दिवसांची नऊ आणि आजचं एक. त्यातलं एक वापरलं."

"काका, पण नोंदवला नाही तर हा मेमो..."

"नोंद नाही तर कागद नाही, साहेब. तुम्हीच सगळ्यांना सांगता. मेमो अजून निघालाच नाहीये."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मेमोकडे पाहिलं, मग हवेत अडकलेल्या शिक्क्याकडे, मग त्या निळ्या स्वेटरातल्या माणसाकडे. आणि त्यांच्या नाकातून आधी एक बारीक फुसकारा निघाला. तो त्यांनी दाबला. दुसरा दाबता आला नाही. तिसऱ्याला त्या टेबल धरून हसल्या. ते पाहून शिपाईबाई हसल्या, लिफ्टवाला हसला आणि शेवटी, आपण कशाला हसतोय हे न कळताच, काकाही मोठ्याने हसले. सवय नसल्यामुळे त्यांना ठसका लागला.

"कलम चार आणि पाच, दोन्ही," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "भरा यांच्या नावापुढे. अडतीसपैकी अडतीस. मेमोचं कारणच उरलं नाही. आणि साहेब, या टेबलावर एकच माणूस कसा? तिघं हवीत की इथे!"

"दोन नंबरची खिडकी मोकळी आहे, काका," शिपाईबाई म्हणाल्या. "जा. हे गठ्ठे मी वर नेते. आजचं माझं 'नाही' झालंय म्हणायचं."

काका जिन्याने दुसऱ्या मजल्यावर गेले. कठड्यावर मांजर नव्हती. गच्चीवर आठवा पायमोजा मात्र सापडलेला दिसत होता. खाली फाटकाशी काकू उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी हेल्मेट घातलेले आप्पा. दोघं त्यांना डॉक्टरकडे न्यायला आली होती. आप्पा वाटेने जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला, हेल्मेट का घातलंय, ते हातवारे करून समजावत होते. काकांनी पूर्ण दहा मिनिटं पाहिलं. कागदाची आठवण त्यांना सातव्या मिनिटाला एकदा झाली, पण ती आपोआप गेली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टा फुगवला, काट्याकडे पाहिलं आणि पुन्हा फुगवला.

"काका, हे कसं केलंत?"

"मी काही नाही केलं," काका म्हणाले. "ऑफिसनं केलं."

गोळी टळली. पत्रही टळलं. पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आप्पा सोफ्यावर येऊन बसले. त्यांनी जरा विचार करून हेल्मेट काढलं, मांडीवर ठेवलं आणि वर्तमानपत्र उघडलं. शेजारी काका पेंगले. थोड्या वेळाने त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, मूठ वळली आणि उशीवर आपटली. ठप.

आप्पांनी डोळे मिटले आणि मान खांद्यांत ओढून घेतली. काहीच झालं नाही. त्यांनी एक डोळा उघडला. काकांची मूठ त्यांच्या टकलावर वीतभर उंचीवर थांबली होती. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. आप्पांना राहवेना.

"जावईबापू," ते कुजबुजले, "शाई लावून झालीये. आता एकदाचा मारा तरी. असं टांगून ठेवू नका माणसाला."

काकांनी झोपेतच कूस बदलली. मूठ सुटली आणि हात अलगद त्यांच्या स्वतःच्या पोटावर येऊन पडला.

"नाही," ते नम्रपणे म्हणाले.